ताटात आहे, पण अंगी लागत नाही

बारडोलीची माझी मामी दादाबद्दल नेहमी एकच तक्रार करायची, "खातो तेवढं खातो, पण मेल्याच्या अंगी काही लागत नाही." आपण हे वाक्य किती सहज बोलतो! दादाच्या बाबतीत मात्र ते शब्दशः खरं होतं.

दादाला क्रोन्सचा आजार आहे. आतड्यांना दीर्घकाळ सूज आणणाऱ्या आजारांचे दोन मुख्य प्रकार आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यातच राहतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होऊ शकतो, पण लहान आतड्याचं शेवटचं टोक ही त्याची आवडती जागा. न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 1932 साली त्याचं वर्णन केलं, म्हणून हे नाव. आपल्याकडे आतड्याचा क्षयही बरेचदा त्याच जागी होतो, त्यामुळे निदान करताना डॉक्टरांचीही कसोटी लागते.

आता जीवनसत्त्वं कमी का पडतात? सुरतहून बारडोली, नंदुरबार करत जळगावला जाणारी गाडी डोळ्यांसमोर आणा. लहान आतडं म्हणजे असाच एक लोहमार्ग. लोह सुरुवातीलाच, समजा बारडोलीला, उतरतं. फोलेट पुढे नंदुरबारच्या आसपास. बी-12 मात्र थेट शेवटच्या जळगावला. तेच स्टेशन सुजलं किंवा ऑपरेशनमध्ये काढावं लागलं, तर बी-12 चं पार्सल उतरणार कुठे? ते तसंच पुढे निघून जातं. चरबी पचवणारं पित्तही इथेच परत शोषलं जातं. ते वाया गेलं की चरबीत विरघळणारी ए, डी, ई आणि के ही जीवनसत्त्वंही हातची जातात.

कारणं आणखीही आहेत. शौचावाटे रक्त जात राहिलं की लोह कमी होतं. सल्फासॅलाझिन हे औषध फोलेटच्या शोषणात अडथळा आणतं. स्टेरॉइड जास्त काळ घेतली तर हाडं ठिसूळ होतात, तेव्हा कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्वाची गरज वाढते. आणि आपलं लाडकं 'पथ्य'! कुणी म्हणतं दूध बंद, कुणी म्हणतं भाजी बंद. शेवटी दादाच्या ताटात नुसता मऊ भात आणि ताक उरलं होतं.

दादाच्या आतड्याचं ते टोक काढलं. त्यानंतर बराच काळ सगळं ठीक होतं, कारण यकृतात बी-12 चा साठा असतो आणि तो काही वर्षं पुरतो. घर शाकाहारी, म्हणजे साठा मुळात बेताचाच. पुढे थकवा आला. कुणीतरी सुचवलं म्हणून त्याने मेडिकलमधून फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणल्या. हिमोग्लोबिन सुधारलं, घरचे खूश! पण पायांना मुंग्या यायला लागल्या आणि अंधारात चालताना तोल जाऊ लागला.

इथे आपल्या मुंबईची एक गोष्ट सांगायलाच हवी. 1928 मध्ये, बारडोलीचा सत्याग्रह झाला त्याच वर्षी, डॉ. लूसी विल्स मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर बायकांना होणाऱ्या जीवघेण्या रक्तक्षयाचा त्यांनी अभ्यास केला. यीस्टपासून बनणाऱ्या मार्माइटने तो बरा होतो, हे त्यांनी 1931 साली प्रसिद्ध केलं. त्यातला गुणकारी घटक म्हणजेच फोलेट. पुढे तो पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि पानाच्या लॅटिन शब्दावरून त्याला नाव मिळालं.

फोलेट आणि बी-12 रक्त तयार करण्याच्या कामात जोडीदार आहेत. बी-12 कमी असताना नुसतं फोलेट दिलं तर रक्त काही काळ सुधारतं, पण नसांचं नुकसान चालूच राहतं. रिपोर्ट चांगला आणि माणूस बिघडतोय, अशी ही फसगत. दादाची तीच झाली. आता तो बी-12 चं इंजेक्शन नियमित घेतो, कारण ते आतड्याला वळसा घालून थेट शरीरात जातं. मुंग्या खूप कमी झाल्या, पण तळपायाचा थोडा बधिरपणा राहिला तो राहिलाच.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, घरात असा रुग्ण असेल तर नुसत्या हिमोग्लोबिनवर थांबू नका. बी-12, फोलेट, डी जीवनसत्त्व आणि लोह यांच्या तपासण्या किती दिवसांनी करायच्या, हे डॉक्टरांना विचारा. सूज असताना लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन फसवं जास्त दिसू शकतं, हेही लक्षात असू द्या. आपल्या मनाने गोळ्या घेऊ नका, ए आणि डी जास्त झाली तर अपाय करतात. आणि कुणाच्या सांगण्यावरून ताटातला एकेक पदार्थ कमी करत जाऊ नका.

मामी आता तक्रार करत नाही. कॅलेंडरवर इंजेक्शनच्या तारखेला लाल गोल करते आणि आदल्या दिवशी दादाला फोन करून आठवण देते.