लघुमहोत्सव आणि निवडीचा अधिकार : 'विकल्प'च्या अनुषंगाने

स्वतंत्र चित्रपटकर्त्यांचा लघुमहोत्सव ही मोठ्या महोत्सवाची छोटी प्रतिकृती नव्हे. चित्रपट निवडण्याचा अधिकार कोणाकडे असावा, हा प्रश्न त्याच्या मुळाशी असतो. मुंबईतील 'विकल्प' हे याचे ठळक उदाहरण होय.

फिल्म्स डिव्हिजनने १९९० मध्ये सुरू केलेल्या मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या २००४ च्या पर्वासाठी केवळ भारतीय चित्रपटांना सेन्सॉर प्रमाणपत्र सक्तीचे करण्यात आले. माहितीपटकारांच्या विरोधामुळे ती अट मागे घेतली गेली. परंतु पुढे निवडीच्या टप्प्यावरच राजकीय आशयाचे अनेक चित्रपट वगळले गेले. तेव्हा माहितीपटकारांनी फेब्रुवारी २००४ मध्ये प्रभादेवीच्या भूपेश गुप्ता भवनात समांतर महोत्सव भरविला. गुजरातमधील २००२ च्या हिंसाचारावरील राकेश शर्मा यांचा 'फायनल सोल्यूशन' हा नाकारलेला माहितीपट तेथे दाखविला गेला; त्याच महिन्यात बर्लिन महोत्सवात तो पुरस्कारप्राप्त ठरला.

डिजिटल व्हिडिओमुळे अशा प्रदर्शनास चित्रपटगृह अपरिहार्य राहिले नाही. सभागृह, प्रोजेक्टर व पडदा पुरेसा ठरला. दिवा-डोंबिवली परिसरातील महाविद्यालयांनी असा उपक्रम योजताना १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यातील प्रमाणपत्राच्या तरतुदी विचारात घ्याव्यात. तथापि साधनांपेक्षा महत्त्वाचे हे, की निवड समितीत स्थानिक चित्रपटकर्ते व प्रेक्षक यांना स्थान असावे. अन्यथा तो केवळ आणखी एक वार्षिक कार्यक्रम ठरेल.