जोगेश्वरीच्या विहिरीतला आंधळा मासा

वर्तकनगरकरांनो, डोळे नसलेला मासा आपल्या शेजारीच, मुंबईत सापडलाय! जोगेश्वरीतल्या एका अंधशाळेच्या विहिरीतल्या या माशाला २०२१ मध्ये शास्त्रीय नाव मिळालं: रक्तामिक्थिस मुंबा.

👁️ अंग गांडुळासारखं लांबट. डोळे, पर, खवले काहीच नाही.
🩸 कातडीत रंगद्रव्य नसल्यानं आतलं रक्त दिसतं, म्हणून लालबुंद.
🌑 भूजलात कायम अंधार. तिथे डोळे पोसण्यात शक्ती वाया जाते. वास आणि स्पर्शावरच असे मासे भक्ष्य शोधतात.

केरळमध्ये असे कित्येक मासे घरगुती विहिरींतूनच उजेडात आले. म्हणून जुनी विहीर उपसताना लाल, वळवळणारं काही दिसलं तर मारू नका. फोटो काढा, पाण्यात सोडा, जवळच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाला कळवा. आणि विहिरी बुजवू नका!

#भूजल #आंधळामासा #ठाणे