व्यायामोपचार कार्डावर मिळतो का? भेस्तानमधील कामगार कुटुंबांसाठी माहिती

भेस्तान हे सुरतेच्या दक्षिणेकडचे उपनगर. पांडेसरा, उधना आणि सचिन येथील कारखाने जवळच आहेत. उधना–जळगाव रेल्वेमार्गावरील नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा या भागातली पुष्कळ मुले येथे कामाला असतात आणि आईवडील गावी शेती सांभाळतात. बांधावरून घसरून वडिलांचे मांडीचे हाड मोडले, किंवा आईला अर्धांगवायूचा झटका आला, की त्यांना मुलाकडे सुरतेला आणले जाते. शस्त्रक्रिया कार्डावर होते. मग डॉक्टर सांगतात, "आता फिजिओथेरपी सुरू करा." खरी अडचण येथून सुरू होते. खाजगी ठिकाणी रोजचे पैसे मोजावे लागतात आणि पंधरा दिवसांत जाणे बंद पडते.

हे बंद पडणे महागात जाते. अर्धांगवायूनंतर हातापायांत जी सुधारणा व्हायची, तिचा मोठा भाग पहिल्या तीन महिन्यांत होतो. प्लास्टर काढल्यावर मनगट वा गुडघा हलवला नाही, तर सांधा आखडतो. मांडीचे हाड जोडलेला म्हातारा माणूस खाटेवरच राहिला, तर पाठीला जखमा होतात आणि छातीत कफ साठतो. शेतकऱ्याचा हात विळा धरीनासा झाला, तर शस्त्रक्रिया यशस्वी होऊनही घराचे नुकसान व्हायचे ते होतेच.

आता कार्डाविषयी पाहू. सरकारी विमा दोन प्रकारचा आहे आणि दोहोंचे नियम निराळे आहेत.

पहिला, आयुष्मान भारत. ही योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. तिच्यात पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. गुजरातने आपल्या कुटुंबांसाठी ही मर्यादा २०२३ मध्ये १० लाख केली. ७० वर्षांवरील सर्वांना २०२४ पासून उत्पन्न न पाहता कार्ड मिळते. महाराष्ट्रात काढलेले आयुष्मान कार्ड गुजरातच्या यादीतील रुग्णालयातही चालते. परंतु ही योजना रुग्णालयात दाखल होणाऱ्यांसाठी आहे. दाखल असताना दिलेला व्यायामोपचार त्यात येतो, आणि घरी सोडल्यावर १५ दिवसांपर्यंतचा त्याच आजाराचा पुढील उपचारही येतो. त्यानंतर गल्लीतल्या फिजिओथेरपिस्टकडे रोज जाण्याचा खर्च या कार्डातून मिळत नाही. म्हणून "कोणता फिजिओथेरपिस्ट कार्ड घेतो?" असे विचारत दारोदार फिरण्यात अर्थ नाही.

दुसरा, राज्य कर्मचारी विमा, म्हणजे ई.एस.आय. १९४८ च्या कायद्यातून ही योजना उभी राहिली आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. १० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात काम करणारा आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणारा कामगार तिच्यात येतो. २०१९ पासून पगाराच्या ०.७५ टक्के रक्कम कामगाराची आणि ३.२५ टक्के मालकाची, असा हप्ता आहे. येथे दाखल होण्याची अट नाही. बाहेरून येऊन घेतलेला उपचारही मिळतो. शिवाय कामगारावर अवलंबून असलेले आईवडीलही कुटुंबात धरले जातात. मात्र त्यांची नावे कामगाराच्या नोंदीत असली पाहिजेत. मुलाने नोकरी लागली त्या दिवशी फक्त स्वतःचे नाव दिले असेल, तर कारखान्याच्या कचेरीत सांगून ती आजच भरून घ्यावीत. आजार आल्यावर धावपळ करू नये.

ई.एस.आय.चा मार्ग असा आहे: आधी आपल्या नेमलेल्या दवाखान्यात जावे, तेथील डॉक्टरांची चिठ्ठी घ्यावी, मग रुग्णालयाच्या फिजिओथेरपी विभागात जावे. चिठ्ठी न घेता परस्पर खाजगी ठिकाणी गेल्यास पैसे परत मिळण्याची आशा धरू नये. कामावर अपघात झाला असेल, तर त्याची नोंद मालकाकडून अवश्य करून घ्यावी. कारण अशा दुखापतीत काम बंद असेपर्यंत पगाराच्या सुमारे ९० टक्के भत्ता मिळतो. सांधा पुरता मोकळा होण्याआधीच पोटासाठी कामावर धावण्याची पाळी मग येत नाही.

ज्यांच्याजवळ कोणतेच कार्ड नाही, त्यांनीही निराश होऊ नये. सुरतेत मजुरा गेटजवळचे नवे सिव्हिल हॉस्पिटल आणि उमरवाड्यातील महापालिकेचे स्मीमेर ही दोन मोठी सार्वजनिक रुग्णालये आहेत. तेथे अस्थिरोग विभागाच्या बाह्यरुग्ण खिडकीवर केसपेपर काढावा आणि डॉक्टरांकडून फिजिओथेरपीसाठी लिहून घ्यावे. खर्च खाजगीपेक्षा फारच कमी येतो. रांग लागते, म्हणून सकाळी लवकर निघावे.

रुग्णालयातून सोडण्यापूर्वी चार गोष्टी करून घ्याव्यात.

१. किती दिवस आणि कोणता व्यायाम, हे डिस्चार्ज कागदावर लिहून घ्यावे.

२. घरातल्या एका माणसाने फिजिओथेरपिस्टसमोर तो व्यायाम स्वतः करवून दाखवावा. रोज रुग्णालय गाठणे जमत नसेल, तर आठवड्यातून एकदा दाखवायला जावे आणि बाकीचे दिवस घरी करावे.

३. पुढच्या तपासणीची तारीख विचारावी.

४. यादीतल्या रुग्णालयाने कार्डावरच्या उपचाराचे वेगळे पैसे मागितले, तर तेथील आयुष्मान मित्राला भेटावे किंवा १४५५५ या क्रमांकावर तक्रार करावी.

खाजगी फिजिओथेरपिस्टकडे जावेच लागले, तर बी.पी.टी. पदवी आहे का, हे संकोच न करता विचारावे. एकूण किती दिवस लागतील आणि खर्च किती, हेही पहिल्याच दिवशी विचारावे. मालीश करणारा आणि हाड बसवणारा हे फिजिओथेरपिस्ट नव्हेत. ताज्या मोडलेल्या हाडावर जोराने चोळल्यास इजा वाढते.

आणखी एक इशारा. कंबरदुखीबरोबर पायातली शक्ती गेली, लघवीवरचा ताबा सुटला किंवा ताप येऊ लागला, तर व्यायाम थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे.

पेरणी झाल्यावर शेतकरी घरी बसत नाही. निंदणी, पाणी, राखण करतोच. शस्त्रक्रियेनंतरचा व्यायामही तसाच आहे. आईवडील गावी असोत वा भेस्तानला, मुलांनी त्यांची नावे विम्यात आहेत की नाहीत, एवढे या आठवड्यात तरी पाहून घ्यावे, अशी आमची विनंती आहे.