गुडघ्याएवढ्या ट्रेनलाही खरी खडी का लागते? आणि ती टाकतं कोण?

मोठी माणसं घोड्यावर बसल्यासारखी एका छोट्याशा ट्रेनवर बसलीयेत आणि पुढे खरंखुरं वाफेचं इंजिन धूर सोडत चाललंय. असे व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. आता पुढच्या वेळी ट्रेनऐवजी रुळांखाली बघा. तिथे खडी दिसेल, अगदी आपल्या लोकलच्या ट्रॅकवर असते तशी, फक्त बारीक.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात चिलोक्विन गावाजवळ 'ट्रेन माउंटन' आहे. पाइनच्या जंगलात इथे 50 किलोमीटरहून जास्त लांबीचे छोटे रूळ पसरलेत. 2004 मध्ये गिनीज बुकानेही त्याची नोंद घेतली. दोन रुळांमधलं अंतर फक्त साडेसात इंच, म्हणजे 190.5 मिमी. आणि या ट्रॅकच्या देखभालीचा मोठा भार हौशी स्वयंसेवक उचलतात.

एवढ्याशा ट्रेनला खडी कशाला?

कारण ट्रेन लहान झाली, तरी माणूस लहान होत नाही. 80 किलोचा माणूस या अरुंद रुळांवर बराच उंच बसलेला असतो. समजा एक रूळ दुसऱ्यापेक्षा 10 मिमी खाली बसला. आपल्या 1676 मिमीच्या ब्रॉडगेजवर त्याने गाडी अर्धा अंशही कलणार नाही. इथे मात्र ती 3 अंश कलते. ब्रॉडगेजवर तेवढाच कल यायला जवळपास 88 मिमीचा फरक लागेल! त्यात वळणावर कुणी बाहेर झुकलं, तर डबा उलटू शकतो.

खडी हाच धोका टाळते. ती स्लीपरवरचं वजन जमिनीवर पसरवते आणि पाणी खाली झिरपू देते. उन्हाने रूळ वाढतात तेव्हा ट्रॅकला जागेवर धरून ठेवते. 30 अंशांच्या फरकाने 100 मीटर पोलादी रूळ साधारण साडेतीन सेंटीमीटर वाढू शकतो. म्हणूनच खडी कोनदार लागते. नदीतले गोल गोटे एकमेकांत अडकत नाहीत, ते घसरतात.

काम कसं चालतं?

आधी छोट्या वॅगनमधून किंवा फावड्याने खडी पसरतात. मग जॅकने ट्रॅक किंचित उचलायचा, दोन्ही रुळांवर आडवी पाणसळ ठेवायची आणि स्लीपरखाली खडी ठोकून घट्ट बसवायची. आपल्याकडे ट्रॅकमन याला 'पॅकिंग' म्हणतात. शेवटी स्लीपरच्या टोकांबाहेर खडीचा भर द्यायचा. मग पुढचा स्लीपर. हे सगळं गुडघ्यांवर बसून किंवा कंबरेत वाकून.

एकदा केलं की संपलं?

नाही. प्रत्येक गाडीबरोबर खडी थोडी दबते. पाइनची सुकलेली पानं आणि माती खडीच्या फटींत भरते, मग पाणी तुंबतं. हिवाळ्यात तेच पाणी गोठून फुगतं आणि ट्रॅक वर उचलतं. म्हणजे बर्फ वितळला की पुन्हा पाणसळ, पुन्हा पॅकिंग.

या कामाचे व्हिडिओ फारसे व्हायरल होत नाहीत. पण पुढच्या डब्यावर बसलेलं मूल वळणावर हसत हसत सुखरूप पुढे जातं, तेव्हा त्या वळणाखालची खडी कुणीतरी वाकून, मोजून बसवलेली असते.