देहभार निर्देशांक
देहभार निर्देशांक : प्रौढ व्यक्तीचे वजन तिच्या उंचीच्या मानाने कमी, योग्य की अधिक आहे, हे दर्शविणारी संख्या. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता ती मिळते. उदा., ६४ किग्रॅ. वजन व १·६० मी. उंची असलेल्या व्यक्तीचा निर्देशांक ६४ ÷ २·५६ = २५ इतका येतो. ‘बॉडी मास इंडेक्स’ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून ‘बीएमआय’ असाही त्याचा उल्लेख केला जातो. वजनकाटा व उंची मोजण्याची पट्टी एवढ्या साधनांवर तो काढता येत असल्यामुळे दवाखाने, आरोग्य सर्वेक्षणे व विमा व्यवसाय यांत तो सर्वत्र रूढ झाला आहे. तथापि तो शरीरातील चरबीचे प्रत्यक्ष मापन नसून उंचीच्या मानाने असलेला जडपणा तेवढा दाखवितो. हा भेद ध्यानात न घेतल्यास त्यावरून चुकीचे निष्कर्ष निघतात.

इतिहास : या निर्देशांकाचे मूळ बेल्जियन ज्योतिर्विद व सांख्यिकीविज्ञ आदॉल्फ केतले (१७९६–१८७४) यांच्या कार्यात आहे. प्रौढ माणसांचे वजन स्थूलमानाने उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, असे त्यांना आढळून आले. शरीर सर्व दिशांनी सारख्या प्रमाणात वाढत असते, तर वजन उंचीच्या घनाच्या प्रमाणात वाढले असते. परंतु उंच माणसे त्या मानाने रुंद नसतात. केतले यांचा उद्देश लोकसमूहातील ‘सरासरी मानवा’ची लक्षणे निश्चित करण्याचा होता, एखाद्या व्यक्तीच्या स्थूलतेचे निदान करण्याचा नव्हता.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आयुर्विमा कंपन्यांनी तयार केलेली उंची-वजनाची कोष्टके प्रचारात होती. १९७२ मध्ये अमेरिकन शरीरक्रियावैज्ञानिक ॲन्सेल कीझ (१९०४–२००४) व त्यांचे सहकारी यांनी पाच देशांतील सात हजारांहून अधिक पुरुषांच्या मापांवरून निरनिराळ्या गुणोत्तरांची तुलना केली. त्यांत केतले यांचे गुणोत्तर थोड्या फरकाने सरस ठरले व त्याला आजचे नाव मिळाले. या अभ्यासात स्त्रियांचा समावेश नव्हता.

मापनपद्धती : सूत्र सोपे असले, तरी निर्देशांकाची अचूकता मूळ मापांवर अवलंबून असते. उंचीचा वर्ग होत असल्याने उंचीतील एक टक्का चुकीमुळे निर्देशांकात सु. दोन टक्के चूक होते. वजनातील एक टक्का चुकीमुळे ती एक टक्काच होते. वरील उदाहरणातील व्यक्तीची उंची १६० ऐवजी १६२ सेंमी. नोंदली गेली, तर निर्देशांक २५ वरून २४·४ वर उतरतो आणि कपड्यांमुळे वजन एक किग्रॅ. अधिक भरले, तर तो २५·४ होतो.

उंची मोजताना व्यक्तीने अनवाणी, सपाट व टणक जमिनीवर, टाचा जुळवून आणि पाठ उभ्या पट्टीला लावून ताठ उभे राहावे. नजर समोर असावी. डोळ्याच्या खोबणीची खालची कड व कानाचे छिद्र एका आडव्या रेषेत यावीत. अंबाडा, टोपी इ. काढून आडवी फळी डोक्याला अलगद टेकवावी व माप एक मिमी.पर्यंत वाचावे. मणक्यांमधील चकत्या दिवसभराच्या भाराने दबत असल्यामुळे सायंकाळी उंची सकाळपेक्षा सु. एक सेंमी. कमी भरू शकते. वजनकाटा टणक जमिनीवर ठेवून आधी तो शून्यावर असल्याची खात्री करावी. पादत्राणे, खिशातील वस्तू व जाड कपडे काढून वजन करावे. पुढील तुलनेसाठी शक्यतो तोच काटा व तीच वेळ ठेवावी. तोंडी सांगितलेली मापे विश्वसनीय नसतात. माणसे सामान्यतः उंची थोडी वाढवून व वजन थोडे कमी करून सांगतात.

वर्गीकरण : जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार प्रौढांमध्ये १८·५ पेक्षा कमी निर्देशांक वजनाची न्यूनता, १८·५ ते २४·९ सामान्य वजन, २५ ते २९·९ अतिरिक्त वजन व ३० किंवा अधिक स्थूलता दर्शवितो. या सीमा निसर्गाने आखलेल्या नसून माणसांनी ठरविलेल्या आहेत. अमेरिकेत १९९८ मध्ये अतिरिक्त वजनाची सीमा पुरुषांसाठी २७·८ व स्त्रियांसाठी २७·३ होती, ती २५ वर आणण्यात आली. त्यामुळे वजनात काहीही वाढ न होता लक्षावधी लोक अतिवजनी ठरले. आशियाई लोकांत मधुमेह व हृद्‌रोग यांचा धोका कमी निर्देशांकावरच वाढू लागतो, असे आढळल्यावरून २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी त्यांच्यासाठी २३ व २७·५ हे जादा टप्पे सुचविले. भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये २३ पासून अतिरिक्त वजन व २५ पासून स्थूलता मानावी, असे ठरविले.

मर्यादा : स्नायू, अस्थी, पाणी व चरबी यांत निर्देशांक भेद करीत नाही. कसलेला मल्ल त्यामुळे स्थूल ठरू शकतो. उलटपक्षी, वार्धक्यात स्नायू क्षीण होऊन चरबी वाढली, तरी निर्देशांक तोच राहू शकतो. शिवाय कणा वाकून उंची घटल्याने तो फसवा वाढतो. गरोदरपणात, तसेच अंगावर सूज किंवा पोटात पाणी असताना त्यावरून अनुमान काढता येत नाही. मुलांसाठी प्रौढांच्या सीमा लागू पडत नाहीत. त्यांचा निर्देशांक वय व लिंग यांनुसार केलेल्या आलेखांवर पाहावा लागतो.

भारतीयांच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाची मर्यादा पुण्यातील संशोधनाने पुढे आणली. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक व लंडनमधील जॉन युडकिन या दोन वैद्यक संशोधकांनी २००४ मध्ये स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचाही निर्देशांक २२·३ होता. परंतु क्ष-किरणांच्या साहाय्याने केलेल्या मापनात चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९·१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१·२ टक्के आढळले. ही प्रवृत्ती जन्मापासूनच दिसते. पुण्याजवळील खेड्यांतील नवजात अर्भकांचे सरासरी वजन सु. २·७ किग्रॅ. व इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे सु. ३·५ किग्रॅ. होते, मात्र वजनातील या मोठ्या तफावतीच्या मानाने पाठीवरील त्वचेखालची चरबी फारशी कमी नव्हती. म्हणजेच बारीक दिसणाऱ्या शरीरातही चरबीचे प्रमाण अधिक असू शकते. अशा व्यक्तीला ‘सामान्य’ निर्देशांकामुळे निर्धास्त केल्यास मधुमेहाचे निदान लांबण्याचा संभव असतो.

चरबी शरीरात कोठे साठली आहे, हेही निर्देशांकावरून कळत नाही. पोटातील इंद्रियांभोवतीची चरबी मांड्यांवरील चरबीपेक्षा अधिक अपायकारक असते. म्हणून कमरेचा घेरही मोजतात. भारतीयांमध्ये तो पुरुषांत ९० सेंमी. व स्त्रियांत ८० सेंमी. यांहून अधिक असणे धोक्याचे मानले जाते. स्थूलतेचे निदान केवळ देहभार निर्देशांकावरून न करता इतर मापे व इंद्रियांच्या कार्यातील बिघाडाची लक्षणे पाहून करावे, अशी शिफारस २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका आयोगाने केली.

लोकसमूहातील कुपोषण व स्थूलता यांचा कल पाहण्यास देहभार निर्देशांक उपयुक्त आहे. व्यक्तीच्या बाबतीत मात्र तो पुढील तपासणीची गरज सुचविणारा पहिला संकेत होय. कमरेचा घेर, रक्तदाब, रक्तातील साखर व कौटुंबिक इतिहास यांच्या जोडीनेच त्याचा अर्थ लावणे इष्ट ठरते.