जुलाब थांबले तरी झिंकची गोळी थांबवू नका
पावसाळ्यात धडगाव, अक्कलकुव्याकडे लहान मुलांना जुलाब होतात, तेव्हा आशाताई ओआरएसच्या पुड्यांबरोबर झिंकच्या गोळ्याही देतात. ओआरएस सगळ्यांना माहीत असतं. झिंक मात्र दोन दिवसांत बंद होतं, आणि मला याचीच फार हळहळ वाटते.

सहा महिन्यांवरील बाळाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०, तेही पूर्ण १४ दिवस! जुलाबातून झिंक वाहून जातं आणि शरीरात त्याचा राखीव साठा नसतो. आतड्याचं अस्तर भरून यायला, रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी तयार व्हायला ते लागतंच. पूर्ण कोर्स झाला तर पुढचे दोन-तीन महिने जुलाब पुन्हा होण्याचा धोका कमी होतो. तान्ह्या बाळाला गोळी आईच्या दुधात विरघळवून द्यावी.

ज्वारी-मक्याच्या भाकरीत झिंक असतं, पण धान्यातलं फायटेट ते अडवून धरतं. १९६०च्या दशकात डॉ. आनंद प्रसाद यांना इराणमध्ये वाढ खुंटलेल्या, मुख्यतः रोटीवर जगणाऱ्या तरुणांत झिंकची कमतरता असावी असं वाटलं, त्यामागे हेही एक कारण होतं. कडधान्यं भिजवून मोड आणले की फायटेट घटतं. मटण, खेकड्यांतलं झिंक अंगी सहज लागतं.

मोठ्यांनी मात्र मनाने महिनोन्महिने जास्त गोळ्या घेऊ नयेत, त्याने शरीरातलं तांबं कमी होतं.