‘संशोधनाने सिद्ध झालंय’ असा फॉरवर्ड आला? मूळ पेपर फोनवर असा शोधा आणि असा वाचा

गेल्या हिवाळ्यात आमच्या नांदेडच्या फॅमिली ग्रुपवर आत्याने एक फॉरवर्ड टाकला. बाजरीच्या भाकरीचा फोटो, तीन उद्गारचिन्हं, आणि खाली मजकूर: अमेरिकेतल्या विद्यापीठाने सिद्ध केलंय, रोज भाकरी खाल्ली की मुलांचा मेंदू दुप्पट चालतो, रक्त वाढतं, गोळ्यांची गरजच नाही.

त्यावर पहिला अंगठा माझ्या लहान बहिणीचा. ती लातूरला राहून नीटची तयारी करते. नुकतंच तिचं हिमोग्लोबिन ९.१ आलं होतं आणि डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या. गोळी घेतली की मळमळतं, म्हणून टाळाटाळ आधीपासूनच चालू होती. रात्री फोनवर म्हणाली, "दादा, भाकरीनेच होतंय म्हणे. मेसवाल्या काकूंना सांगते बाजरीची करायला. गोळ्या बंद."

मी ग्रुपवर ‘हे फेक आहे’ असं टाइप करायला घेतलं आणि थांबलो. फेक आहे हे मला तरी कुठून कळलं? मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. मग म्हटलं, शोधू. साधारण अर्धा तास लागला, तोही फोनवरच. आणि गंमत अशी की संशोधन खरं निघालं. फॉरवर्ड मात्र खोटाच होता.

शोध कुठून सुरू केला ते आधी सांगतो, कारण बहुतेक जण इथेच चुकतात. गूगलच्या साध्या सर्चमध्ये मराठीत ‘भाकरी बुद्धी संशोधन’ टाकलं की त्याच फॉरवर्डच्या पंचवीस कॉप्या मिळतात. त्याऐवजी पबमेड उघडा. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची ही मोफत साइट आहे, साडेतीन कोटींहून जास्त वैद्यकीय पेपरांच्या नोंदी तिथे आहेत, आणि लॉगिनही लागत नाही. एकच अडचण, शब्द इंग्रजीत लागतात. बाजरीला ‘पर्ल मिलेट’, ज्वारीला ‘सॉरघम’, लोहाला ‘आयर्न’. ‘पर्ल मिलेट, आयर्न, स्कूल चिल्ड्रन, इंडिया’ एवढं इंग्रजीत टाइप केलं आणि निकालांमध्ये दोन पेपर सापडले. दोन्ही ‘जर्नल ऑफ न्यूट्रिशन’मधले, एक २०१५चा, दुसरा २०१८चा.

चॅटबॉटला विचारलं तर चालेल का? विचारा, पण तो पेपरचं जे नाव देईल ते जसंच्या तसं पबमेडमध्ये किंवा गूगल स्कॉलरमध्ये टाकून बघा. चॅटबॉट कधीकधी अस्तित्वातच नसलेले पेपर लेखकांच्या नावांसकट बिनधास्त सांगतो. पेपर खरा असेल तर त्याला बहुतेक वेळा डीओआय नावाचा एक कायमचा नंबर असतो, १० या आकड्याने सुरू होणारा. साइट बदलली, जर्नलचा प्रकाशक बदलला, तरी त्या नंबरवरून पेपर सापडतोच.

आता पेपरात काय आहे? पहिली गोष्ट म्हणजे ‘अमेरिकेतलं संशोधन’ हे अर्धंच खरं. कॉर्नेल विद्यापीठाचे संशोधक त्यात होते, पण मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठाचेही होते. आणि प्रयोगातली मुलं आपल्या महाराष्ट्रातली, नगर भागातली, १२ ते १६ वयाची, वसतिगृहात राहून शिकणारी. एकूण २४६ मुलं. चिठ्ठ्या टाकल्यासारखे त्यांचे दोन गट पाडले आणि सहा महिने दोन्ही गटांना दिवसातून दोनदा बाजरीची भाकरी दिली. फरक फक्त पिठात होता.

ज्यांनी ॲपवर काम केलंय त्यांच्या लक्षात आलं असेल, ही सरळसरळ ए-बी टेस्ट आहे. अर्ध्या युजर्सना जुना बटन, अर्ध्यांना नवा, बाकी सगळं सारखं. म्हणजे शेवटी जो फरक दिसेल तो बटनामुळेच. वैद्यकशास्त्रात याला रँडमाइज्ड ट्रायल म्हणतात आणि हे लोक आपल्यापेक्षा कितीतरी आधीपासून ते करतात, हे आपल्या धंद्यातल्या लोकांनी मान्य करायला हरकत नाही.

एका गटाचं पीठ साध्या बाजरीचं. त्यात किलोमागे २१ ते ५२ मिलिग्रॅम लोह. दुसऱ्या गटाचं पीठ लोहयुक्त बाजरीचं, किलोमागे ८६ मिलिग्रॅम. ही बाजरी म्हणजे वरून लोहाची पूड मिसळलेलं पीठ नव्हे. दाण्यातच लोह जास्त भरेल अशी झाडं पिढ्यान् पिढ्या निवडून तयार केलेलं वाण आहे ते. हैदराबादजवळची इक्रिसॅट ही संस्था आणि राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ यांनी मिळून केलेलं, २०१२मध्ये महाराष्ट्रात आलेलं. नाव ‘धनशक्ती’. जनुक बदललेलं, म्हणजे जीएम पीक हे नाही, साधी निवड पद्धत आहे. (हे मुद्दाम सांगतो कारण ग्रुपवर पुढचा प्रश्न काकांचा हाच होता.)

म्हणजे फॉरवर्डमधली ‘भाकरी’ ही मेसमधली कुठलीही भाकरी नव्हती. उलट मेसमधली साधी भाकरी खाणारी मुलं तर तुलनेच्या गटात होती! फॉरवर्ड करणाऱ्याने नेमका हाच शब्द गाळला.

आता निकाल. २०१५च्या पेपरात लोहयुक्त बाजरी खाणाऱ्या मुलांचं फेरिटिन चार महिन्यांत साध्या बाजरीवाल्यांपेक्षा जास्त वाढलं. फेरिटिन म्हणजे शरीराने साठवून ठेवलेल्या लोहाचा अंदाज देणारी रक्ततपासणी. हिमोग्लोबिन हे चालू खातं धरलं तर फेरिटिन ही मुदत ठेव. आधीपासून लोह कमी असलेल्या मुलांना फायदा जास्त झाला. सहा महिन्यांत त्यांची कमतरता भरून निघण्याची शक्यता दुसऱ्या गटातल्या तशाच मुलांच्या १.६४ पट होती.

१.६४ पट म्हणजे काय, हे नीट समजून घ्या, कारण फॉरवर्डवाले इथेच हात मारतात. समजा, साधी भाकरी खाणाऱ्या १०० कमतरतावाल्या मुलांपैकी ४० जणांची कमतरता भरली, तर लोहयुक्त भाकरीवाल्या १०० पैकी ६५-६६ जणांची भरेल. (४० हा आकडा फक्त उदाहरणासाठी घेतलाय.) सगळ्यांची नाही. शिवाय या आकड्याशेजारी कंसात १.०७ ते २.४९ अशी रेंज दिलेली आहे. खरा आकडा बहुधा या पट्ट्यात कुठेतरी आहे, असं संशोधक स्वतःच सांगतात. १.०७ म्हणजे जेमतेम फायदा, २.४९ म्हणजे दणदणीत. पेपर वाचताना मोठ्या आकड्याआधी ही रेंज बघायची सवय लावा. रेंजमध्ये १ आला असता, तर फायदा आहे असं म्हणताच आलं नसतं.

आणि ते ‘दुप्पट मेंदू’? ते २०१८च्या पेपरातून आलं असावं. याच प्रयोगातल्या १४० मुलांच्या लक्ष आणि स्मरणशक्तीच्या चाचण्या कॉम्प्युटरवर घेतल्या होत्या. स्क्रीनवर काहीतरी दिसलं की बटन दाबायचं, किती वेळ लागतो ते मोजायचं. सहा महिन्यांनी सगळ्यात साध्या चाचणीत लोहयुक्त गटाचा वेळ १२३ मिलिसेकंदांनी कमी झाला, साध्या गटाचा ६३ मिलिसेकंदांनी. १२३ हे ६३च्या जवळपास दुप्पट. झालं, मेंदू दुप्पट!

फरक खरा आहे, पण तो ६० मिलिसेकंदांचा. तुमच्या फोनची स्क्रीन ६० हर्ट्झची असेल तर ६० मिलिसेकंदांत साडेतीन फ्रेम जातात. गेम खेळणाऱ्याला ते कळेल. इतर चाचण्यांतही सुधारणा त्याच दिशेने दिसली, म्हणून मी हा निकाल हलक्यात घेत नाही. लोह कमी असेल तर लक्ष लागत नाही, आणि लोह भरलं तर ते सुधारू शकतं, हे अभ्यास करणाऱ्या कुठल्याही पोरासाठी मोठं आहे. पण बटन दाबण्याचा वेग म्हणजे नीटचे मार्क नव्हेत. मार्क या पेपरात कोणी मोजलेच नाहीत.

इथे थोडं थांबून बघा. वाण तयार करणारे वनस्पतिशास्त्रवाले, भाकरी मोजून खाऊ घालणारे पोषणवाले, रक्त तपासणारे वैद्यकवाले आणि लक्ष-स्मरण मोजणारे शिक्षण-मानसशास्त्रवाले, चौघांचं काम एकाच ताटात आलं. फॉरवर्डने पहिल्या टोकावरची भाकरी उचलली, शेवटच्या टोकावरचा मेंदू उचलला, आणि मधलं सगळं टाकून दिलं.

पेपरात आणखी एक गोष्ट मी आवर्जून बघतो, ती म्हणजे पैसे कोणाचे. या कामाला हार्वेस्टप्लस या कार्यक्रमाचा निधी होता, आणि हार्वेस्टप्लसचं काम अशी पोषक वाणं जगभर पोचवणं हेच आहे. म्हणून निकाल खोटा ठरत नाही, पण दुसऱ्या गटांनीही तपासून बघावा असं वाटायला हरकत नाही. आपल्याकडे म्हणतात ना, ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’. दुसऱ्याच्या मशीनवर चालेपर्यंत टेस्टर ऐकत नाही.

भाषांतराचीही एक गंमत सांगतो. मी पेपरचा सारांश फोनवर मराठीत करून घेतला. ‘सिग्निफिकंट’चं झालं ‘लक्षणीय’ आणि ‘कंट्रोल ग्रुप’चं झालं ‘नियंत्रण गट’. आत्याने वाचलं असतं तर तिला वाटलं असतं, लक्षणीय म्हणजे भरपूर फायदा, आणि नियंत्रण गट म्हणजे कुठलं तरी सरकारी पथक. संशोधनात ‘सिग्निफिकंट’चा अर्थ एवढाच की हा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता कमी आहे. फरक किती मोठा आहे, ते त्या शब्दात नसतं.

आता आपल्या ताटाकडे येऊ. नांदेड-लातूरकडे घरोघरी भाकरी म्हणजे मुख्यतः ज्वारीची. म्हणजे बाजरीचा हा निकाल आपल्या भाकरीला तसाच लावता येत नाही. ज्वारीतही काम झालंय, आणि तेही शेजारीच. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटबरोबर केलेलं ‘परभणी शक्ती’ हे वाण २०१८मध्ये आलं. त्यात किलोमागे साधारण ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त, तर नेहमीच्या ज्वारीत साधारण ३० आणि २०. पण दाण्यातलं लोह आणि रक्तात पोचलेलं लोह यांत मोठं अंतर आहे. धान्यातलं फायटेट लोहाला धरून ठेवतं, जेवणाबरोबरचा चहा ते आणखी अडवतो, लिंबू पिळलं तर थोडं सुटतं. आमच्याकडे भाकरीनंतर लगेच कपभर चहा लागतोच, तिथे काय बोलणार.

आणि ही काही एकट्या माझ्या बहिणीची गोष्ट नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय होता. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी आठवते? ती लोह आणि फॉलिक ॲसिडचीच. आमच्या वर्गात बरीच पोरं ती खिडकीतून टाकायची.

पूर्ण पेपर उघडत नसेल आणि प्रकाशक पैसे मागत असेल, तर गूगल स्कॉलरमध्ये नावाखाली ‘ऑल व्हर्जन्स’ दाबा, बऱ्याचदा मोफत पीडीएफ सापडते. सरकारी कॉलेज किंवा विद्यापीठात शिकत असाल तर लायब्ररीत ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’बद्दल विचारा. केंद्राने नोव्हेंबर २०२४मध्ये मंजूर केलेली ही योजना आहे, ३० प्रकाशकांची सुमारे १३ हजार जर्नल्स त्यात आहेत. तुमच्या फीमधून नाही, पण तुमच्या टॅक्समधून पैसे गेलेत, तेव्हा वापरा. आणि पेपर उघडल्यावर सगळ्यात वर ‘रिट्रॅक्टेड’ असं लिहिलेलं नाही ना, हे बघा. तसं असेल तर तो पेपर मागे घेतलेला आहे, पुढे वाचू नका.

त्या रात्री मी बहिणीला दोन्ही सारांशांचे स्क्रीनशॉट पाठवले. तिने वाचून पहिला प्रश्न केला, "यात गोळी घेणारा गट कुठेय?" नव्हताच. भाकरी विरुद्ध गोळी अशी तुलना या प्रयोगात केलेलीच नाही, मग ‘गोळ्यांची गरज नाही’ हे वाक्य आलं कुठून? हा मुद्दा मला सुचला नव्हता, तिला सुचला. बायोलॉजीवाली आहे शेवटी.

दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना मळमळीचं सांगितलं, त्यांनी गोळी बदलून दिली आणि जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकलायला सांगितला. गोळ्या चालू आहेत, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी आहे. मेसवाल्या काकूंनी संक्रांतीला बाजरीची भाकरी केली होती, तीळ लावून. साध्याच बाजरीची.